अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर

आमच्या मिरजेच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत तारखेचा एक शिक्का असायचा. लाकडी मूठ, खाली रबरी पट्टे, बाजूची चाकं फिरवून दिवस, महिना, साल जुळवायचं. असल्या शिक्क्यावर मोजकीच वर्षं असतात, ती संपली की शिक्का बाद. तसा तो बाद झाला, कचेरीनं टाकून दिला आणि अण्णांनी मला खेळायला आणला. अण्णा तहसील कचेरीत कारकून, पुढं अव्वल कारकून झाले. इतर मुली भातुकली खेळायच्या आणि मी कचेरी खेळायचे, उंबऱ्याच्या आत मी आणि बाहेर धाकटा भाऊ हातात अर्ज घेऊन उभा.

त्या खेळात अण्णांनी शिकवलेली एक गोष्ट मला अजून पाठ आहे. फोटोवर शिक्का मारायचा तर तो अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर पडला पाहिजे. नुसता कागदावर मारला तर उद्या कुणीही फोटो उचकटून दुसऱ्याचा लावेल, नुसता फोटोवर मारला तर तो फोटो दुसऱ्या कुठल्याही कागदावर जाऊन बसेल. दोन्हीकडं थोडा थोडा पडला तरच माणूस आणि कागद एकमेकांना बांधले जातात.

हे सगळं आठवायचं कारण सॉल स्टाइनबर्ग. 'द न्यूयॉर्कर' ह्या अमेरिकी साप्ताहिकात जवळपास सहा दशकं चित्रं काढणारा माणूस, नव्वदच्या आसपास मुखपृष्ठं आणि आतली चित्रं तर हजाराच्या वर. त्याला व्यंगचित्रकार म्हणायचं की चित्रकार की आणखी काही, ह्यावर तिकडं भरपूर लिहिलं गेलंय. तो स्वतःला चित्र काढणारा लेखक म्हणायचा. मला मात्र तो पहिल्यापासून कागदांच्या रांगेत उभा राहिलेला माणूस म्हणूनच दिसतो आणि त्याचं सगळं काम मी तिथूनच बघते, चूक असेल तर असू दे.

त्याची आणि माझी पहिली भेट आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला झाली. आमच्या एका सरांनी एक झेरॉक्स वर्गात फिरवली होती, त्यात एक टोलेजंग इमारत होती आणि ती इमारत म्हणजे चक्क आलेख कागदाचा तुकडा. म्हणजे खिडक्या काढायच्याच नाहीत, चौकटीचा छापील कागद कापून चिकटवायचा, खाली पेनानं रस्ता आणि दोन-चार माणसं काढायची, झाली बिल्डिंग. आम्ही तेव्हा रात्र रात्र जागून एलिव्हेशनमध्ये, म्हणजे इमारत समोरून दिसते तशा नकाशात, खिडक्या भरत होतो आणि ह्या माणसानं एका कागदात दाखवून दिलं होतं की शहरात उगवणाऱ्या त्या सगळ्या इमारती मुळात काय आहेत. हसूही आलं आणि पोटात खड्डाही पडला. झेरॉक्सवर नाव नव्हतं. नाव कळायला आणखी काही वर्षं गेली, तोपर्यंत मी न्यू जर्सीत नोकरीला लागले होते.

स्टाइनबर्गचा जन्म १९१४ चा, रुमानियातल्या रिम्निकू सरात नावाच्या गावातला, वाढला बुखारेस्टमध्ये. घर ज्यूंचं. त्या काळात रुमानियातल्या बहुतेक ज्यूंना नागरिकत्वच नव्हतं, ते मिळालं पहिल्या महायुद्धानंतर, तेही बाहेरच्या देशांनी दडपण आणल्यावर. म्हणजे हा माणूस जन्मला तेव्हाच, जिथं जन्मला तिथला तो कागदोपत्री नव्हता. वडलांचा खोक्यांचा कारखाना होता, पुठ्ठ्याची खोकी. आता विचार करा, लहान मूल आणि भोवती रंगीत कागद, पुठ्ठे, छपाईची अक्षरं, खोक्यांवर चिकटवायची चित्रं. मला माझा तारखेचा शिक्का आठवतो तो इथं. ज्या वस्तूंशी आपण पाच-सहा वर्षांचे असताना खेळतो त्या हातातून कधी जातच नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

बुखारेस्टच्या विद्यापीठात एक वर्ष तत्त्वज्ञान शिकून १९३३ मध्ये तो इटलीला गेला, मिलानच्या पॉलिटेक्निकोत आर्किटेक्चर शिकायला. तिथंच १९३६ पासून 'बेर्तोल्दो' ह्या विनोदी पत्रात त्याची चित्रं यायला लागली. परक्या देशात आलेला विद्यार्थी, भाषा अजून तोंडात नीट बसलेली नाही आणि दोन-तीन वर्षांत त्याच्या चित्रांना लोक ओळखायला लागतात. मला हे समजू शकतं. तुमचे उच्चार ऐकून लोक तुम्हाला ओळखतात, तुमची रेघ मात्र कुणाला तुमचं गाव विचारू देत नाही.

पण १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारनं वंशाचे कायदे आणले. परदेशी ज्यूंनी देश सोडावा असा हुकूम निघाला, स्टाइनबर्गला त्याच्या नावानं चित्रं छापता येईनात. शिकत असलेल्यांना डिग्री पुरी करायची मुभा होती म्हणून तो चिकाटीनं राहिला आणि १९४० मध्ये आर्किटेक्ट झाला. त्या डिग्रीच्या कागदावर त्याच्या नावापुढं लिहिलं होतं, ज्यू वंशाचा. म्हणजे पदवी दिली आणि त्याच कागदावर ती निकामीही केली, कारण ज्यू माणसाला तिथं तो व्यवसाय करता येणार नव्हता. मराठीत आपण म्हणतो ना, शिक्का बसला. इथं तो खरोखरच बसला, विद्यापीठाच्या कागदावर, राजाच्या नावानं. त्या इटलीच्या राजाचं राज्य पुढं गेलं, इथिओपिया जिंकून मिळवलेलं त्याचं साम्राज्य गेलं, ज्यांच्या नावानं तो कागद निघाला होता त्यातलं काहीच उरलं नाही. स्टाइनबर्ग पुढं आयुष्यभर खोट्या पदव्या आणि खोटी प्रशस्तिपत्रं काढत राहिला, लफ्फेदार अक्षर, सोनेरी मोहोर, खाली भारदस्त सही, आणि वाचायला जावं तर एक अक्षर लागत नाही. दोस्तांना भेट म्हणून द्यायचा तो ती. ह्या चित्रांकडं नुसती गंमत म्हणून बघणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

१९४१ मध्ये त्याला अटक झाली, आधी मिलानचा तुरुंग, मग अब्रुत्सो भागातल्या तोर्तोरेतो गावी नजरकैद. तिथून कागदपत्रं जुळवत जुळवत तो लिस्बनला पोचला. लिस्बन म्हणजे त्या वेळी युरोपातून सुटणाऱ्यांचं शेवटचं स्टेशन. कागदपत्रं सगळी अस्सल नव्हती, एका शिक्क्यात आपला हात होता, असं तो स्वतः पुढं सांगायचा. ह्या वाक्यापाशी मी नेहमी थांबते. चित्रकाराचा हात आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या अर्थानं जिवावरच्या कामाला आला तो शिक्का काढताना.

लिस्बनहून बोटीनं न्यूयॉर्क. आणि तिथं एलिस आयलंडवर, बाहेरून येणाऱ्यांना जिथं तपासायचे त्या बेटावर, अडवला. १९२४ च्या कायद्यानं प्रत्येक देशाचा कोटा ठरवून दिलेला, रुमानियाचा कोटा वर्षाला चारशेच्या आत, तो भरलेला. माणूस त्या बेटावरून मॅनहॅटन बघू शकतो, अगदी समोर, मी कितीदा जाऊन उभी राहिलेय तिथं. तेवढं बघून त्याला दुसऱ्या बोटीनं जावं लागलं डॉमिनिकन रिपब्लिकला, सांतो दोमिंगोला. त्या शहराचं नाव तेव्हा तिथल्या हुकूमशहानं बदलून स्वतःचं, सिउदाद त्रुहियो, ठेवलं होतं. तिथं उकाड्यात जवळपास वर्षभर तो व्हिसाची वाट बघत बसला.

आणि बसल्या बसल्या चित्रं काढत राहिला. मिलानमधले ओळखीचे चेझारे चिविता आता न्यूयॉर्कला होते, ते त्याचे एजंट झाले, तो टपालानं चित्रं धाडायचा आणि चिविता ती मासिकांच्या दारात घेऊन जायचे. ऑक्टोबर १९४१ मध्ये 'न्यूयॉर्कर'नं त्याचं पहिलं चित्र छापलं. चित्र असं, एक बाई चित्रकलेच्या वर्गात सेंटॉर काढतेय, ग्रीक पुराणातला तो, वरून माणूस आणि खालून घोडा. पण हिनं काढलाय उलटा, डोकं घोड्याचं आणि खालचं धड माणसाचं. शिक्षकांना ती सांगतेय, पण हा अर्धा माणूस आणि अर्धा घोडा आहेच की. सात-आठ शब्दांची ओळ.

ते चित्र छापून आलं तेव्हा ज्यानं ते काढलं तो माणूस त्या देशात नव्हता. चित्राला व्हिसा लागला नाही. 'न्यूयॉर्कर'चे संपादक हॅरॉल्ड रॉस त्याच्या बाजूनं उभे राहिले आणि १९४२ मध्ये तो मायामीला उतरला, तिथून बसनं न्यूयॉर्क. एखाद्या देशाची पहिली ओळख बसच्या खिडकीतून व्हावी ह्याहून चांगलं काही नाही, निदान चित्रकारासाठी. त्याच्या पुढच्या चित्रांतली ती अमेरिका, मोटेलं, डायनर, पोस्ट ऑफिसं, लांबच लांब रस्ते, अंकल सॅम आणि थँक्सगिव्हिंगची टर्की, ह्या सगळ्याकडं तो बसमधून बघितल्यासारखंच बघतो, काचेला नाक लावून, कौतुकानं आणि थोडं बिचकून.

फेब्रुवारी १९४३ मध्ये तर नवलच झालं. त्याला अमेरिकेचं नागरिकत्व आणि नौदलातलं अधिकारपद एकदमच मिळालं. एक वर्ष बाहेर ताटकळत ठेवलेला माणूस वर्षाच्या आत त्यांच्या गणवेशात. त्याला पाठवलं चीनला, हिंदुस्थानातून, कलकत्त्यावरून. मग उत्तर आफ्रिका आणि इटली. म्हणजे जिथून पळावं लागलं त्या इटलीत तो दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या देशाचा अधिकारी म्हणून उतरला. काम काय, तर शत्रूच्या सैनिकांचं मनोधैर्य खच्ची करायचं आणि त्यासाठी चित्रं काढायची. ह्या फिरतीतली चीन, हिंदुस्थान, आफ्रिका, इटलीची रेखाटनं त्याच्या १९४५ च्या पहिल्या पुस्तकात आहेत. हिंदुस्थानची चित्रं मी जरा जास्तच बारकाईनं बघितली, उगाच, कुणी ओळखीचं दिसतंय का म्हणून.

१९४४ मध्ये त्यानं लग्न केलं हेडा स्टर्नशी. तीही बुखारेस्टची, तीही ज्यू, तीही १९४१ मध्येच जीव वाचवून न्यूयॉर्कला आलेली, आणि स्वतः मोठी चित्रकार. न्यूयॉर्कच्या अमूर्त चित्रकारांचा एक गाजलेला ग्रुप फोटो आहे, १९५१ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात आलेला, सगळे कोट घातलेले पुरुष आणि मागं उंचावर उभी असलेली एकच बाई, ती हेडा. तिच्याबद्दल स्वतंत्र लिहायला पाहिजे खरं तर. १९६० मध्ये दोघं वेगळे झाले पण घटस्फोट कधी घेतला नाही, शेवटपर्यंत एकमेकांशी जोडलेले राहिले. मला वाटतं ज्या माणसाला तुमच्या गावच्या गल्ल्या माहीत आहेत त्याला परक्या देशात असं सहजासहजी सोडता येत नाही. दुसरा असा धागा म्हणजे आल्दो बुत्सी, मिलानच्या कॉलेजातला मित्र. त्याला स्टाइनबर्गनं कितीतरी दशकं पत्रं लिहिली, इटालियनमध्ये. रुमानियन घरची, इटालियन दोस्तीची, इंग्रजी पोटापाण्याची.

आता मूळ मुद्द्याकडं. १९५४ मध्ये त्याचं एक पुस्तक आलं, नावच 'द पासपोर्ट'. मला ते न्यूयॉर्कच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं, कोपरे झिजलेलं. त्यात काय नाही. खोटे दस्तऐवज आहेत, न वाचता येणारं पण अगदी खरं वाटणारं हस्ताक्षर आहे, आणि अंगठ्याचे ठसे आहेत. ठसा हाच चेहरा. म्हणजे कॉलर, टाय, खांदे पेनानं काढलेले आणि डोकं असायला पाहिजे तिथं अंगठ्याचा ठसा. काही ओळखपत्रांवर फोटो आणि ठसा शेजारी शेजारी असायचे, ह्यानं त्यांना एक करून टाकलं. मी इथं आले तेव्हापासून किती वेळा दहाही बोटं काचेवर ठेवलीत ते मोजणं सोडून दिलंय. ऑफिसरचं लक्ष बोटांकडं आणि स्क्रीनकडं असतं, चेहऱ्याकडं क्वचित. ते चित्र बघितलं तेव्हा दुकानातच डोळ्यात पाणी आलं.

पुढं साठच्या दशकात तर त्यानं खरेखुरे रबरी शिक्के करून घेतले आणि त्यांनी चित्रं काढायला लागला. आकाशात सूर्य म्हणून गोल सरकारी शिक्का. निसर्गचित्रावर शिक्का. माणसांचेसुद्धा शिक्के, एकच माणूस पन्नास वेळा मारला की झाली गर्दी. लहानपणी कचेरीत बसून मी बघितलंय, पॅडवर थप, कागदावर थप, पॅडवर थप, कागदावर थप, दिवसभर. त्या आवाजाला लोक घाबरतात, म्हणजे तो आवाज आपल्या कागदावर येतोय की नाही ह्या विचारानं. स्टाइनबर्गनं तो शिक्का टेबलाच्या पलीकडून उचलून स्वतःकडं घेतला. ज्या हत्यारानं तुम्हाला अडवलं तेच घेऊन सूर्य काढायचा, ह्यात सूड नाही, मला तर त्यात केवढी तरी माया दिसते.

रेघेबद्दलही बोलायला पाहिजे. १९५४ मध्ये मिलानच्या त्रिएनाले ह्या कलाप्रदर्शनात, म्हणजे ज्या शहरानं त्याला हाकललं तिथंच, मुलांसाठी एक चक्रव्यूह बांधला होता, वळत जाणाऱ्या भिंतींचा. त्यासाठी त्यानं दहा मीटर लांबीचं एक चित्र केलं, २९ घड्यांचं. सुरुवातीला एक हात रेघ ओढतोय. ती आडवी रेघ पुढं पाण्याची कड होते, मग कपडे वाळत घालायची दोरी, मग रेल्वेचा रूळ, टेबलाची कड, छत, जमीन, आणि पार शेवटी परत एक हात, तिचं टोक धरणारा. रेघ एकच, सरळ, तिनं काहीच केलेलं नाही. वर आणि खाली काय काढलंय त्यावर ती कोण आहे ते ठरतं. रिम्निकू सरात, बुखारेस्ट, मिलान, सांतो दोमिंगो, न्यूयॉर्क, माणूस तोच, कागद बदलत गेले.

आपल्याकडच्या लोकांना शब्दाशिवायची चित्रं परकी नाहीत. माझ्या आधीच्या पिढ्या शि. द. फडणीसांच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर वाढल्या, आणि त्यांनी तर गणिताच्या शाळेच्या पुस्तकांतही चित्रं काढून ठेवलीत. फडणीस आमच्याच बाजूचे, सीमाभागातल्या भोज गावचे, १९२५ चा जन्म. त्यांचं ते बस स्टॉपवरचं चित्र, एकाच्या कपड्यावर मांजरं आणि दुसरीच्या कपड्यावर उंदीर, त्याला ओळ लागत नाही. आणि दुसरे वसंत सरवटे, जे सिव्हिल इंजिनिअर होते आणि व्यंगचित्राकडं किती गंभीरपणे बघायचं हे ज्यांनी मराठी वाचकांना लिहून लिहून शिकवलं. ह्या दोघांमुळं माझा डोळा आधीच तयार होता. स्टाइनबर्ग हातात आला तेव्हा लिपी ओळखीची होती, गाव नवीन होतं.

त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र मात्र मला घरच्यासारखं वाटतं, कारण मी त्यात राहते. २९ मार्च १९७६ चं मुखपृष्ठ. नाईन्थ ॲव्हेन्यूवरून पश्चिमेकडं बघितलेलं जग. पुढं दोन ॲव्हेन्यू अगदी तपशिलात, गाड्या, खिडक्या, माणसं, मग हडसन नदी, मग एक चपटी पट्टी, तिच्यावर लिहिलंय जर्सी. त्याच्या पलीकडं उरलेली अख्खी अमेरिका एका चौकोनी वावरासारखी, चार-दोन नावं आणि दगडगोटे, मग प्रशांत महासागर, मग क्षितिजावर चीन, जपान, रशिया अशा ढेकळांसारख्या तीन टेकड्या. संपलं जग. मी त्या जर्सीच्या पट्टीत राहते. आणि हिंदुस्थान त्यात नाहीच. लोक म्हणतात हे न्यूयॉर्ककरांच्या आखूड नजरेवर आहे, आहेच. पण ज्यानं काढलं तो माणूस त्या क्षितिजापलीकडून आलेला होता, चीन त्यानं पायानं तुडवलेला होता, हे लक्षात घेऊन बघा. आपण मागं सोडलेलं सगळं इथल्या कट्ट्यावरून कसं दिसतं, किंवा दिसतच नाही, हे ज्याला रोज जाणवतं तोच असं चित्र काढू शकतो. इथं आल्यावर पहिल्या वर्षी एका सहकाऱ्यानं मला प्रेमानंच विचारलं होतं, मिरज मुंबईत कुठं येतं. मिरज-मुंबई अंतर रेल्वेनं एका रात्रीचं. मी हो म्हणाले, जवळच आहे.

त्या चित्राची जगभर नक्कल झाली, प्रत्येक शहरानं आपापलं पोस्टर काढलं, स्टाइनबर्गला त्यातून काही मिळालं नाही आणि त्याला त्याचा त्रास व्हायचा. साठ वर्षं इतकं सगळं केलेला माणूस त्या एका पोस्टरवाला म्हणून ओळखला जायला लागला. एका हॉलिवूडच्या सिनेमाच्या पोस्टरनं फारच उघड उचललं तेव्हा तो कोर्टात गेला आणि १९८७ मध्ये जिंकला. तो सिनेमा होता न्यूयॉर्कमध्ये आसरा मागणाऱ्या एका रशियन वादकाबद्दल. म्हणजे एका स्थलांतरिताची गोष्ट विकायला दुसऱ्या स्थलांतरिताचं चित्र न विचारता घेतलं. ज्यानं आयुष्यभर खोटे कागद काढले त्याला शेवटी आपल्या अस्सल कागदासाठी कोर्टात उभं राहावं लागलं, आणि बरं झालं तो राहिला.

पोटापाण्यासाठी त्यानं जाहिराती केल्या, हॉलमार्क ह्या कार्डांच्या कंपनीसाठी नाताळची कार्डं केली, सिनसिनाटीच्या हॉटेलात भलं मोठं भित्तिचित्र केलं. ह्यात कमीपणा काही नाही. मायदेशी राहिलेल्या आईवडलांना आणि बहिणीला बाहेर काढायचं होतं, त्यांना पोसायचं होतं, ती माणसं आधी इस्राएल आणि मग फ्रान्सला आली. घरी पैसे धाडणाऱ्याची चित्रकला असते ही, हे विसरून त्याच्या कलेवर लिहिणारे मला अर्धवट वाटतात. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं. १९९९ च्या मे महिन्यात तो न्यूयॉर्कमध्ये गेला.

आता जे सांगायला एवढं सगळं लिहिलं ते. काही वर्षांपूर्वी मी स्टॅम्पिंगला भारतात गेले होते. जे इथं राहतात त्यांना हा शब्द सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, व्हिसाची मुदत वाढली तरी पासपोर्टात नवा शिक्का घ्यायला देशाबाहेर जावं लागतं. दोन आठवड्यांची रजा काढून गेले आणि माझा पासपोर्ट एका कार्यालयात अडकला. कारण सांगितलं नाही. आज, उद्या, पुढच्या सोमवारी, असं करत सात आठवडे. मिरजेच्या माझ्या स्वतःच्या घरात, आईच्या हातची भाकरी खात, मी पाहुणी म्हणूनही नव्हते आणि घरची म्हणूनही नव्हते. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. नोकरीवरून मेल यायचे, आधी काळजीचे, मग कोरडे. सगळ्यात वाईट काय होतं सांगू, अण्णा रोज संध्याकाळी विचारायचे, आला का गं कागद. ज्यांनी तीस वर्षं लोकांचे कागद मार्गी लावले त्यांच्या समोर त्यांच्याच मुलीचा कागद अडलेला आणि त्यांना काही करता येत नव्हतं.

बॅगेत ते जुनं पुस्तक होतं. एका दुपारी मी ते सोप्यावर ठेवून आत गेले, बाहेर आले तर अण्णा चष्मा लावून, पुस्तक खिडकीच्या उजेडाकडं धरून बघत होते. न वाचता येणाऱ्या अक्षरांचं पान. मला म्हणाले, "मोडी आहे का गं ही?" जुन्या दफ्तरांमुळं अण्णांना मोडी थोडीफार लागायची. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात, न थांबता, लेखणी न उचलता. मी म्हणाले, "नाही अण्णा, हे काहीच नाहीये, नुसतं अक्षरासारखं काढलंय."

ते गप्प झाले. मला वाटलं ठेवून देतील. पण त्यांनी पानं उलटली, एकेका दस्तऐवजावर बोट ठेवून बघत राहिले, सही कुठं आहे, मोहोर कुठं आहे, समास किती सोडलाय, जसं आयुष्यभर बघितलं तसं. ठशाचा चेहरा असलेल्या माणसापाशी बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "ह्या माणसाला सगळं माहीत आहे. शाई कुठं फुटते ते सुद्धा माहीत आहे. हा कचेरीत होता का?"

मी म्हणाले, "नाही, खिडकीच्या बाहेर होता." आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं, डिग्रीवरचा शेरा, तुरुंग, लिस्बन, एलिस आयलंडवरून दिसणारं गाव आणि परत पाठवलेली बोट.

"मग झालं का शेवटी त्याचं काम?"

"झालं. पण वर्ष लागलं."

"वर्षभर बाहेर बसवला," अण्णा म्हणाले, माझ्याकडं न बघता, आणि चष्मा पुसून त्यांनी पुस्तक परत पहिल्या पानापासून उघडलं.